गोठा, हुरडा आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला, हे प्रथम सांगून टाकतो. सेवानिवृत्त शिक्षकास व्यासपीठावर उभे केले की तो 'शिक्षण आणि संस्कार' यांवर तास घेणार, अशी आपली समजूत असते आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही शेणाविषयी, साबणाविषयी आणि लहान मुलांच्या पोटाविषयी बोलणार आहोत. भोजनाची वेळ जवळ आलेली असता असा विषय काढल्याबद्दल भगिनीवर्गाने क्षमा करावी.

विषय काढण्यास कारण घडले ते असे. आपले मंडळ दर वर्षी जानेवारीत शहरांतील आपल्या मुलांस हुरड्याच्या निमित्ताने शेतावर नेते. आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरे दोन पिढ्यांपूर्वी शेतीवरच होती. आज त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना गाय उठताना आधी मागचे पाय टेकते की पुढचे, हे ठाऊक नाही. म्हणून ही सहल सुरू झाली व ती चालली. परंतु गेल्या बैठकीत काही पालकांनी अशी सूचना मांडली की, सहलीनंतर मुलांची पोटे बिघडतात, सबब शेताचा नाद सोडून मुलांस एखाद्या उद्यानात न्यावे. त्यावर आमच्या वयाच्या काही सभासदांनी उत्तर दिले की, आम्ही शेणातच वाढलो, आम्हांस काय झाले? दोन्ही बाजूंस टाळ्या पडल्या आणि निर्णय पुढे ढकलला गेला. आमचे मत दोन्ही बाजूंहून निराळे आहे. सहल चालूच राहावी, मात्र ती आजवर चालली तशी चालू नये. आम्ही जुनी अकरावी मॅट्रिक झालेले शिक्षक, वैद्य नव्हे. म्हणून येथे रोगांविषयी जे सांगणार आहोत ते ज्ञातीतील एका डॉक्टर भगिनींकडून आधी तपासून घेतले आहे.

प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगतो.

जानेवारी २०१८ मध्ये आम्ही आमच्या नातवास घेऊन मंगळवेढ्याकडे आमच्या चुलत बंधूंच्या शेतावर गेलो होतो. नातू तेव्हा पाच वर्षांचा होता. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिच्यातील मालदांडी ज्वारी यांचे वर्णन या सभेत करण्याची गरज नाही. बंधूंनी हुरड्यासाठी म्हणून बांधालगत गूळभेंडीचे चार तास वेगळे पेरले होते. आगटी पेटली, तोपर्यंत मुलगा गोठ्यात रमला. दावणीला महिनाभराचे एक वासरू होते. त्याची शेपटी व मागचे पाय ओल्या पातळ शेणाने माखलेले होते. 'जरा हगवण लागलीय, दूध जास्त झालं असंल,' असे बंधू म्हणाले. आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले. वासरू बोट चोखते, हे आपणांपैकी ज्यांनी गोठा पाहिला आहे त्यांना ठाऊक आहेच. ती खरखरीत जीभ, ते ओढणे, त्यातील मौज नातवास कळावी म्हणून आम्ही आमच्या हाताने त्याचे बोट वासराच्या तोंडात दिले. मुलगा खदखदून हसला. आम्हांस धन्य वाटले. इतक्यात हुरड्याची हाक आली. सूनबाईंनी पर्समधील बाटलीतून जंतुनाशक द्रवाचे दोन थेंब त्याच्या तळहातावर टाकले, त्याने ते चोळले, आणि सर्वांबरोबर बसून तो हुरडा खाऊ लागला.

हुरडा कसा खातात, हे लक्षात घ्या. हुरड्याला चमचा नाही, पोळीचा तुकडा नाही. भाजलेले कणीस हातावर चोळायचे, फोलपट फुंकायचे आणि तळहातच तोंडाला लावायचा. दुसऱ्या कोणत्याही जेवणात तळहात इतक्या वेळा जिभेला लागत नाही. शिवाय आगटी असते गोवऱ्यांची. जो गोवऱ्या सारतो तोच पुष्कळदा कणसे चोळून देतो. भाजलेल्या दाण्यांत दोष नसतो, तो त्या हातांत असतो, हे आमच्या ध्यानात साठ वर्षांत आले नव्हते.

आम्ही रविवारी परतलो. पुढच्या शनिवारपर्यंत मुलगा उत्तम होता. शनिवारी रात्री पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आम्ही शहराच्या नळाच्या पाण्याला दोष दिला, शाळेबाहेरच्या गाडीवरील बर्फाच्या गोळ्याला दोष दिला. डॉक्टरांनी विचारले, 'बाहेरगावी कोठे गेला होता काय?' तेव्हा आम्हीच पुढे होऊन सांगितले की छे, आपल्या घरच्या शेतावर गेला होता, बाहेर कोठे नाही! आठ दिवस लोटले तरी जुलाब थांबेनात. मुलाचे डोळे खोल गेले. शेवटी शौचाची खास तपासणी झाली आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परोपजीवी सापडला. तो हगवण लागलेल्या कोवळ्या वासरांच्या शेणात मोठ्या संख्येने असतो, असे तेव्हा कळले. आमच्या नातवास तो त्याच वासरापासून झाला, हे कोणी सिद्ध केलेले नाही व आता होणारही नाही. परंतु ते बोट आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. जलसंजीवनीवर व नंतर औषधावर मुलगा तिसऱ्या आठवड्यात सावरला.

त्या बाटलीतील द्रवाविषयी येथेच सांगतो, कारण पुष्कळ घरांत तीच चूक होते. २०२० च्या साथीनंतर ही बाटली प्रत्येक पिशवीत आली आणि तिच्यामुळे हात 'स्वच्छ' होतात असा सर्वांचा ठाम समज झाला. स्वच्छ दिसणाऱ्या हातांवर, काही जंतूंच्या बाबतीत तिचा उपयोग आहे. परंतु हाताला शेण, माती, लाळ लागली असता तिचा प्रभाव उणावतो, आणि वर सांगितलेला परोपजीवी तर तिला मुळीच भीत नाही. त्याचे कवच इतके चिवट असते की, नळाच्या पाण्यातील क्लोरीनलाही ते सहजी दाद देत नाही. साबण त्याला मारतो असेही नाही. साबण व वाहते पाणी त्याला हातावरून सोडवून खाली वाहून नेतात, एवढेच. आम्हांला जे हवे ते एवढेच आहे.

आजार गेला, पण पुढे जे घडले ते आजाराहून अधिक लागले. सूनबाईंनी मुलाला गावी पाठविणे बंद केले. त्यांना दोष कसा द्यावा? पंधरा रात्री त्यांनीच काढल्या होत्या. पुढची दोन वर्षे नातवाने गाव पाहिले नाही. बंधूंचा फोन आला की, 'पोरगं कवा येणार?' एवढाच प्रश्न, आणि आम्ही काहीतरी परीक्षेचे, पावसाचे निमित्त सांगत असू. आपल्या बैठकीत सहल बंद करण्याची सूचना आली, तेव्हा हीच गोष्ट शंभर घरांत व्हायची आहे, असे आम्हांस दिसले.

आता 'आम्हांस काय झाले?' या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न बंधूंनीही आम्हांस विचारला होता. 'अण्णा, आमची पोरं ह्याच गोठ्यात रांगली. त्यास्नी काय झालं?' उत्तराचा एक भाग असा की, खेड्यातील मूल रांगत्या वयापासून त्या जंतूंच्या सहवासात असते, आणि वारंवार थोड्या प्रमाणात गाठ पडल्याने त्याच्या शरीरास काहींच्या बाबतीत प्रतिकार साधतो. शहरातून एका दिवसासाठी आलेल्या मुलास ती ओळख नसते. उत्तराचा दुसरा भाग बंधूंपुढे बोलणे आम्हांस जड गेले, पण बोललो. आमच्या मातोश्रींची दोन अपत्ये आमच्याआधी हगवणीने गेली. एक दीड वर्षाचे, एक तीन वर्षांचे. त्या काळी कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले दात येत होते. 'आम्ही शेणात वाढलो, आम्हांस काही झाले नाही' असे म्हणणारे आम्ही सारे जगलेले आहोत. ज्यांना काही झाले ते या सभागृहात बसून हात वर करू शकत नाहीत. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या घरातही एक नाव असे होते.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट बोलावी लागेल. गाय आपणांस पूज्य आहे. आमच्या घरी आजही वसुबारसेला तिची पूजा होते. परंतु पूज्य आहे म्हणून तिच्या आतड्यात जंतू राहत नाहीत, असे नव्हे. विशेष हे की, जे जंतू मुलास मरणाच्या दारी नेतात त्यांपैकी काही गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटात त्यांना काडीइतकाही त्रास न देता राहतात. जनावर रवंथ करीत असते, डोळे तेजस्वी, कातडी तुकतुकीत. मालक अभिमानाने म्हणतो, 'आमच्या जनावराला कधी काही झाले नाही', आणि ते खरेही असते.

याचे एक उदाहरण जुने आहे, ते आम्ही वर्गात सांगत असू. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे लहान बेट आहे. तेथे इंग्रज सैनिकांना एक विचित्र ताप येई. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे, सांधे धरत, महिनेच्या महिने माणूस अंथरुणाला खिळे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली त्याचा जंतू शोधला. परंतु तो येतो कोठून, हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या तेथल्याच डॉक्टरांनी बेटावरील शेळ्या तपासल्या, तेव्हा वरवर धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत तो सापडला. शेळीचे ताजे कच्चे दूध सैनिक पीत होते. ते दूध बंद झाले आणि सैन्यातील ताप झपाट्याने ओसरला. हाच तो ब्रुसेलोसिस. आपल्या देशात तो आजही गाई-म्हशींत व शेळ्यांत आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुताबरोबर याही रोगाविरुद्ध लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना ही लस आयुष्यात एकदाच देतात. आपले जे ज्ञातिबांधव जनावरे बाळगून आहेत, त्यांनी ती टोचून घेतली आहे काय, हे आजच आठवून पाहावे.

यावरून धारोष्ण दुधाचा विषय निघतो. आचळातून थेट तोंडात घेतलेली दुधाची धार, ओठांवर फेस, आणि पाठीवर आजोबांची थाप, हे चित्र आम्हां पुरुषांस फार प्रिय आहे. पण विचार करा, आपल्या घरातील कोणत्या स्त्रीने आजवर कच्चे दूध मुलाच्या वाटीत घातले? चुलीवर पातेले ठेवून, दूध वर येऊ देऊन, पुन्हा खाली बसवून मगच ते वापरायचे, हा आपल्या माय-भगिनींचा नेम आहे. दूध नासू नये म्हणून त्यांनी तो पाळला, आणि त्याने क्षय, ब्रुसेलोसिस व हगवणीचे किती जंतू मारले याची मोजदाद नाही. ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद, एवढ्यानेही दूध निर्धोक होते. आपली उकळी तर त्याच्या पुष्कळ पुढे आहे. धारोष्णाची हौस ही पैलवानी हौस आहे आणि ती आम्हां आजोबा मंडळींकडून पसरते. खरवसाविषयी एका भगिनींनी विचारले होते. चीक वाफेवर नीट शिजून घट्ट झाला की खरवस खुशाल खावा. कच्च्या चिकाची गोडी कशी लागली म्हणून मुलाच्या जिभेवर चमचा ठेवू नये.

परदेशातील एक अलीकडील घटनाही सांगतो, कारण ती नेमकी मुलांच्या शेतभेटीची आहे. इंग्लंडच्या सरे परगण्यात गॉडस्टोन येथे मुलांसाठी खुले ठेवलेले एक शेत आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तेथे गेलेल्यांपैकी ९३ जणांना ई. कोलाय ओ १५७ या जंतूची बाधा झाली. बहुतेक दहा वर्षांखालची मुले होती. त्यांपैकी १७ जणांत विकार रक्तात व मूत्रपिंडांत उतरला, आणि काहींस यंत्रावर रक्तशुद्धी करून घ्यावी लागली. तो देश स्वच्छतेविषयी निष्काळजी नाही. त्या शेतावर हात धुण्याची व्यवस्थाही होती. पुढे जी चौकशी झाली तिच्यातील मुख्य मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटला. तेथे सारा भरवसा हात धुण्यावर ठेवला गेला, आणि मुलांचा शेणाशी संबंधच येऊ नये याची तजवीज अपुरी राहिली. कुंपणाच्या फटींतून मुलांचे हात जनावरांखालच्या अंथरुणापर्यंत पोहोचत होते. हा जंतू असा आहे की, अगदी मोजकेच पोटात गेले तरी पुरे होतात. हात धुण्याआधी मुलाने तोंडात बोट घातले की साबणाची पाळी येण्यापूर्वीच काम झालेले असते. पाच वर्षांखालील मूल किती वेळा तोंडात बोट घालते, हे मोजण्याचा प्रयत्न कोणी आईने करून पाहावा.

म्हणून आमची पहिली विनंती यजमानांना आहे. मुले येणार त्या दिवशी हगवण लागलेले वासरू, नुकती व्यालेली गाय-शेळी, गाभडलेले जनावर आणि तोंडावर फोड आलेले करडू ही मुलांच्या दृष्टीआड, निराळ्या ठिकाणी बांधावीत. करडांच्या ओठांवरील त्या फोडांना शेळीपालक 'मावा' म्हणतात. तो माणसाच्या बोटांवरही उठतो. वासराच्या डोळ्यांभोवती करड्या खपल्या दिसल्या तर ते बहुधा गजकर्ण असते आणि तेही मुलांच्या गालावर येते. दुसरे, मुलांनी गोठ्यात आत जाऊ नये. गव्हाणीच्या बाहेरून, पुढच्या बाजूने, जनावराच्या मानेवरून किंवा पाठीवरून हात फिरवावा. मागे उभे राहण्याने लाथही बसते आणि शेणही लागते. गोठा आदल्या रात्रीचा न ठेवता सकाळी झाडून, ओले गवत काढून टाकावे. उकिरड्यावर चढण्याची मुलांना कोण हौस असते! तेथे एक काठीवाला माणूस बसवावा लागतो, हा आमचा अनुभव आहे. पिल्ले पाहावीत, हातावर घ्यावीत, पण कोंबडीच्या पिल्लाचे मुके घेणे हे अलीकडे छायाचित्रांसाठी फार चालते, ते बंद करावे.

दुसरी विनंती मंडळास आहे. हात धुण्याची जागा गोठा व हुरड्याची बैठक यांच्या मधोमध असावी, म्हणजे ती ओलांडल्याखेरीज जेवणाकडे जाताच येऊ नये. बादलीत हात बुडवून धुणे हे धुणे नव्हे. पहिल्या मुलाच्या हातचे विसाव्या मुलास मिळते. तोटी लावलेले पिंप हवे. आम्ही हिशेब मांडून पाहिला. एका वेळी मुलास दोन लिटर पाणी धरले, दिवसात तीन वेळा धरले, तर ४० मुलांस २४० लिटर होते. म्हणजे दोनशे लिटरचे एक पिंप भरून ठेवावे व एकदा त्यात भर घालावी लागेल. एवढे पाणी बैलगाडीतूनही येते. साबणाच्या वड्या जाळीच्या पिशवीत घालून पिंपाला बांधाव्यात, नाहीतर त्या मातीत पडतात आणि मुले मातीसकट त्या लावतात. साबण लावून सावकाश वीस अंक मोजेपर्यंत चोळावे. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठ्याचा मागचा भाग आणि मनगट. हे मोजणे आम्ही वर्गात पाढ्यावर घेत असू. बेचा पाढा सावकाश एकदा व बेरीज बरोबर. हात पुसायला प्रत्येकाचा आपला रुमाल. एका पंच्याला चाळीस मुलांनी हात पुसले तर धुतल्याचे पुण्य तेथेच संपते.

मातांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. मुलाचे हात धुतात, पण आईचा भ्रमणध्वनी कोणी धूत नाही. शेळीच्या पाठीवर फिरलेला हात फोन धरतो, फोन पंगतीत येतो, आणि मुलाला भरविण्यासाठी तोच फोन त्याच्या हातात दिला जातो. चपला-बुटांचे तसेच. बसमध्ये चढण्याआधी ते पाण्याखाली धरावेत. बाळाची चोखणी व दुधाची बाटली गोठ्याच्या बाजूला नेऊच नये. ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांनी व्यालेल्या शेळ्या-मेंढ्या, वार आणि नवजात करडे यांपासून पूर्ण दूर राहावे. त्यांत गर्भास अपाय करणारे काही जंतू असतात. यात कोणी अवमान मानू नये.

कुत्रा चावला किंवा नुसते ओरखडले तरी जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, चुना-तिखट काही लावू नये, आणि त्याच दिवशी लस घ्यावी. यापलीकडे त्यावर बोलत नाही, कारण ते आपणांस ठाऊक आहे, फक्त केले जात नाही.

मुंबईच्या सभासदांसाठी एक शब्द. भातलावणीच्या दिवसांत कोकणात चिखलात उतरण्याच्या सहली अलीकडे निघू लागल्या आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण केले, तेव्हापासून अशा केंद्रांस चांगला हुरूप आला आहे, आणि शेतकऱ्यास चार पैसे मिळतात याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्या चिखलात उंदरांचे व गुरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभवला. पायाला जखम, भेग, खरचटलेले असेल त्या मुलास चिखलात उतरवू नये. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर चिखलात उतरल्याचे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.

उलट काही भीती निष्कारण आहेत, त्यांचेही निवारण करतो. २०२२ मध्ये लंपीच्या साथीत आपल्या काही कुटुंबांनी दूधच बंद केले होते. लंपी माणसाला होत नाही. जनावराला ताप असेल, गाठी असतील, त्याची कीव करावी, त्याचे औषधपाणी करावे, आणि दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावे. आम्हांस चमत्कारिक वाटते ते हे की, ज्याने मुलास काही होत नाही त्याला आपण भितो आणि हगवण लागलेल्या वासराच्या तोंडात बोट देतो.

सहलीहून परतल्यावर काय? येथेच बहुतेकांची फसगत होते. रविवारी सहल, आणि सोमवारी मूल ठणठणीत असले की आपण निश्चिंत होतो. ई. कोलाय ओ १५७ ची बाधा साधारण तीन-चार दिवसांनी, कधी दहा दिवसांनीही प्रकट होते. क्रिप्टोस्पोरिडियमला आठवडा लागतो. म्हणून सहलीनंतर दोन आठवडे लक्ष ठेवावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनी द्यावी. शौचात रक्त दिसले, लघवी कमी झाली, मूल फिके पडले किंवा ग्लानीत गेले, तर घरगुती उपाय करीत बसू नये, रात्र असली तरी डॉक्टरांकडे न्यावे. जुलाब एकदम थांबविणारी गोळी, किंवा मागच्या खेपेची उरलेली प्रतिजैविके परस्पर मुळीच देऊ नयेत. रक्ताच्या जुलाबात त्यांनी विकार वाढू शकतो. आणि डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, 'मूल अमुक दिवशी गोठ्यात होते, जनावरांना हात लावला होता' हे पहिले वाक्य असू द्यावे. ते वाक्य न बोलल्याने आमच्या नातवाची तपासणी आठ दिवस लांबली. दुसऱ्या कोणावर नाही, तो दोष आमच्यावर आहे.

यजमानास हे सांगायचे कसे, ही अडचण उरते. ज्याने आपला दिवस, आपली कणसे आणि आपला गोठा आपणांस दिला, त्याला 'तुझ्या गोठ्यात रोग आहे' असे कसे म्हणावे? आम्ही बंधूंना तसे म्हटले नाही. २०२० च्या जानेवारीत आम्ही एकटेच गेलो, पडवीत बसलो, आणि आमचे चुकले ते सर्व क्रमाने सांगितले. बोट आम्ही दिले, वासराची हगवण ऐकूनही आम्ही गप्प राहिलो, डॉक्टरांस आम्ही खोटे सांगितले. बंधू ऐकत होते. मग वहिनी आतूनच म्हणाल्या, 'भावजी, जुन्या घरात दारात रांजण होता. पाय धुतल्याबिगर कुणी आत येत नव्हतं. ह्यांनीच तो काढून टाकला, गाडी आत घ्यायला जागा पायजे म्हणून.' बंधू हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला बोलावले.

आज तेथे गोठ्याच्या अंगाला दगडी मोरी आहे, वर टाकी आहे, चार तोट्या आहेत. त्यांतील दोन मुद्दाम खाली बसविलेल्या आहेत, लहान मुलांचे हात पोहोचावेत म्हणून. ती उंची आम्ही आमच्या शाळेच्या अनुभवावरून सांगितली, एवढाच आमचा वाटा. त्यानंतर साथीमुळे आणखी दोन हिवाळे गेले, आणि २०२२ च्या डिसेंबरात सूनबाई स्वतःच मुलाला घेऊन आल्या. गाडीतून उतरताच त्यांनी आधी मोरी पाहिली, मग वहिनींना वाकून नमस्कार केला. नातवाने वासराच्या मानेवरून हात फिरविला. बोट पुढे केले तसे बंधूंनी लांबून आवाज दिला, 'ए, बोट नाय! मानेवरनं!' तोच त्यांचा आवाज, जो चार वर्षांपूर्वी 'पोरास्नी काय होतंय' म्हणत होता.

तेव्हा अध्यक्षमहाराज, सहल बंद करण्याची सूचना मागे घ्यावी आणि पुढील जानेवारीची सहल याच मोरीवर न्यावी, असा आमचा प्रस्ताव आहे. बंधूंची संमती आम्ही घेऊन आलो आहोत. त्यांची एकच अट आहे, ती म्हणजे मुलांची नक्की संख्या त्यांना आठ दिवस आधी कळावी, म्हणजे टाकी किती भरायची ते त्यांना ठरविता येईल. ज्यांना मुले पाठवावयाची आहेत, त्यांनी भोजनानंतर चिटणीसांकडे नाव, वय आणि मुलास काही आजार असल्यास तो नोंदवावा. सोबत रुमाल द्यावा. साबण मंडळ देईल.